आत्याचा आहेर

"पांडुरंग दाजींकडून पितळी घागर आणि दोनशे एक! भोसरे मामांकडून टावेल-टोपी आणि एक्कावन्न!"

मांडवात शेवटची पंगत उठत होती आणि बबन जीपवाला माईक तोंडात घातल्यासारखा धरून आहेर पुकारत होता. त्याच्या शेजारी बसलेला म्हातारा पाकिटं फोडायचा, नोटा मोजायचा, आकडा बबनच्या कानात सांगायचा, आणि बबन तो अख्ख्या सावरगावाला सांगायचा. माझ्या भावाच्या, महादूच्या, एकुलत्या एका पोरीचं लग्न होतं. मी नवरीची सख्खी आत्या. बायकांच्या बाजूला खांबाला टेकून बसले होते, माझ्या सुनेला, कालिंदाला, शेजारी घेऊन.

"आई, आता आपलं," कालिंदा हळूच म्हणाली. पाकिटावर नाव तिनंच घातलं होतं, म्हणून तिला लांबूनही ओळखू आलं.

"वधूची आत्या, बार्शीच्या सुभद्राबाई बारंगुळे यांच्याकडून..."

बबन थांबला. म्हाताऱ्यानं नोटा उलट्या करून परत मोजल्या, पाकिटात फुंकर मारून आत बघितलं. बबननं माईकवर हात ठेवला, पण नीट ठेवला नाही. कर्ण्यातून सगळ्या गावानं ऐकलं, "सख्खी आत्या हाय की हो. शून्य राहिलं असंल. हजार एक असत्याल, परत बघा."

मांडव हसला. पुरुषांच्या बाजूला कुणी तरी खोकला काढला. मी बसल्या जागेवरून आवाज दिला, "बबन, शून्य राहिलं न्हाई. दिलंय तेवढं वाच."

"एकशे एक रुपये," बबननं वाचलं. वाचताना त्याचा आवाज खाली आला, जसा काही तोच आहेर देत होता.

कालिंदानं माझ्या पदराचं टोक धरलं. मी ते सोडवून घेतलं. "मान खाली घालू नकोस," म्हटलं, "चोरी केलेली न्हाई."

याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. ते एकशे एक कुठून आले, ते आधी सांगते.

बार्शीत आमचे मालक सूतगिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. गिरणी बंद पडली आणि ते धान्याच्या गोदामावर राखणीला लागले. पगार निम्म्यावर आला. मुलगा भारत आडतीच्या दुकानात काट्यावर. दोघांचं मिळून जे यायचं ते विसाव्या दिवशी संपायचं, पुढचे दिवस वाण्याच्या तोंडाकडं बघून काढायचे. मला कुणाच्या तोंडाकडं बघायची सवय नाही. लोकच माझ्या तोंडाला भितात.

शाळेत मी दुसरीपर्यंत गेले, तीही निम्मीच. लिहायचं म्हणाल तर सहीपुरतं. पण पैसा हातात आला की तो कुठं जायला बघतोय ते मला दिसतं. एका पगाराच्या दिवशी मी घरातले रिकामे डबे धुऊन पुसून ओळीनं मांडले. ओळखायला खुणा केल्या. ज्वारीच्या डब्यावर खळीनं ज्वारीचे दाणे डकवले, दुधाच्या डब्याला पांढरी चिंधी बांधली, दवाखान्याच्या डब्यावर गोळ्यांचं रिकामं पाकीट चिकटवलं. भाड्याचा वेगळा, सणाचा वेगळा, माझ्या मशेरीचासुद्धा एक छोटा, कारण नियम सगळ्यांना. बाप-लेक पगार घेऊन आले. मी तो त्यांच्यासमोर डब्या-डब्यांत वाटला आणि सांगितलं, "ह्या डब्यातलं त्या डब्यात जाणार न्हाई. ज्यानं घातलं त्याचं त्या दिवशी ताट वाढणार न्हाई."

पहिल्याच महिन्यात मालकांनी दवाखान्याच्या डब्यातले दहा रुपये तंबाखूला नेले. त्यांना वाटलं मला कळायचं नाही. संध्याकाळी सगळ्यांना वाढलं, त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. ते म्हणाले, "अगं, नवरा आहे मी." मी म्हटलं, "व्हय, म्हणून पाणी दिलं." उठून गेले, कुणाकडून तरी दहा आणले, डब्यात टाकले, मग जेवले. त्यानंतर डब्यांना कुणी हात लावला नाही.

ह्या घरात सगळ्यात मोठं भोक आहेराचं होतं. लग्नसराईत आमचा निम्मा पगार दुसऱ्यांच्या मांडवात जायचा आणि बदल्यात घरात टावेल यायचे. माझ्या ट्रंकेत इतके टावेल साठले होते की सगळी गल्ली एकदम नदीतून निघाली असती तरी पुसून झाली असती. कोण किती पुकारलं, त्याच्यावर आपण किती चढवायचं, ह्याच्यावर माणसं रात्रीची झोप घालवायची. मी आहेराला सगळ्यात बारका डबा ठेवला आणि भावकीत सांगून टाकलं: बारंगुळ्यांच्या घरचा आहेर एकशे एक. जवळचा असो, लांबचा असो, सरपंच असो.

चुलत दीर म्हणाले, "वहिनी, लोक कंजूष म्हणतील."

"म्हणू द्या. उधार म्हणाय नकोत."

शेवटचा डबा कालिंदाचा. पोरगी बारावी होऊन आमच्यात आली होती, लग्नाला दोन वर्षं झाली होती. तिला नर्सिंगला जायचं होतं. माहेरी पैसे नव्हते म्हणून राहिलं, सासरी गिरणी बंद म्हणून राहिलं. मला कुणी विचारलं नाही, मीच एक दिवस म्हटलं, "किती लागत्यात?" सोलापूरच्या एका शाळेत नंबर लागला तर फी आणि वसतिगृह धरून सहा हजार. त्या डब्याला मी तिच्या फुटलेल्या बांगडीची काच लाखेनं चिकटवली. गल्ली म्हणायची, सुनेला शिकवून ही तिच्या हाताखाली जाणार. मी म्हणायची, जाईन, निदान हाताखाली भाकरी तरी पडंल. दीड वर्ष तो डबा भरत होता.

आणि नंबर लागला. यादीत शेवटून दुसरा. फी भरायची मुदत होती सोमवारी संध्याकाळपर्यंत, नाही भरली तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. महादूच्या पोरीचं लग्न रविवारी. मी ठरवलं, रविवारी सावरगावला लग्न करायचं, मुक्काम करायचा आणि सकाळच्या गाडीनं तिथनंच सोलापूर. सहा हजार रुपये मी पिशवीत घालून कमरेला बांधले, वरून लुगडं नेसले.

महादू माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. आई आजारी असायची, त्यामुळं त्याला मी कडेवर वाढवला. गावात त्याची पिठाची चक्की होती. तो बोलवायला आला तेव्हा भुवयांत पीठ तसंच होतं. त्यानं देवापुढं अक्षता ठेवल्या, मला कुंकू लावलं, मानाची साडी दिली.

"आक्का, तुझ्याबिगर मांडव उभा राहात न्हाई बघ."

"मांडव राहील उभा. आहेराचं आधीच सांगते, महादू. ह्या घरचा आहेर एकशे एक. तुला येगळा न्हाई."

तो इतका हसला की चहा नाकात गेला. "तुझ्या मनाला येईल ते दे की गं. मी काय मागाय आलोय व्हय?"

मी पण हसले. बोलणं झालं, असं मी धरलं.

आणि आता बबननं सगळ्या गावाला ते वाचून दाखवलं होतं.

मी उठून पाण्याच्या पिंपाकडं गेले. तिथं माझी भावजय शेवंता उभी होती, पदर खोचलेला, डोळे धुरानं नाही तर कशानं तरी लाल.

"वन्सं, जेवलासा?"

"जेवले."

"पोटभर जेवा. एकशे एकात काय कमी पडाय नको."

"शेवंता, तुझ्या भातात मीठ जास्त पडलंय आणि बोलण्यातही. मी तुझ्या नवऱ्याला घरी बसून सांगितलं हुतं."

"त्यास्नी गंमत वाटली. आमा सगळ्यास्नीच वाटली. गल्लीला एकशे एक, भावकीला एकशे एक, पण भावाला असं कोण करतंय?" तिनं माझ्या कमरेकडं बघितलं. "सुनंच्या शाळंला मातर सहा हजार बांधून आणल्यात म्हणं. पोरीस्नी सांगत हुती ती कौतुकानं. सून परक्या घरची, वन्सं. भाची तुमच्या रक्ताची."

"सून माझ्या घरची हाय. भाचीच आजपास्नं परक्या घरची झाली."

मला वाटलं ती तडकंल. मी तयार होते, माझ्याकडं आणखी होतं. पण तिचा चेहरा एकदम पडला. "खरं हाय," ती म्हणाली. "म्हणून तर तिला नीट घालवावी म्हणत हुतो." आणि तांब्या तिथंच ठेवून ती आत गेली.

नीट घालवावी म्हणजे काय, ते मला त्या वेळी उमगलं नाही. पोरीला शालू होता, गळ्यात मणी-डोरलं होतं, जावयाला घड्याळ, मागच्या अंगाला टेंपोत भांडी, पलंग, कपाट भरून तयार होतं. आणखी काय नीट?

पाठवणीची वेळ झाली. वैजू, आमची नवरी, उंबऱ्याजवळ उभी. सासरकडची माणसं टेंपोवाल्याला हाका मारायला लागली. वैजूनं बापाचं विचारलं, "आण्णा कुठं हायत? आण्णा आल्याबिगर मी न्हाई निघायची." कुणाला माहीत नव्हतं. मी म्हटलं, बघते, आणि मांडवाच्या मागं गेले. कालिंदा माझ्या मागून आली.

टेंपो चिंचेखाली उभा होता. लोंढे मांडववाला एक पाय टेंपोच्या फाळक्यावर ठेवून उभा. त्याची दोन माणसं वर चढून कपाटाचे दोर सोडत होती. महादू त्यांच्याकडं बघत होता, पाठ माझ्याकडं.

"आहेर मोजून देतो म्हणाला हुतास," लोंढे म्हणाला.

"दिले की मोजून."

"साडेचार हजार कमी हायत. आचाऱ्याचं मी दिलं, गॅसबत्त्यांचं मी दिलं. मला माझ्या माणसांची मजुरी आज द्यायची हाय. तू पैसं दे, कपाट ने. मी काय त्यात कापडं ठेवणार हाय का?"

"धरलेला एक आहेर आला न्हाई, लोंढे."

"कुणाचा?" मी विचारलं.

महादू वळला. त्याला मी तिथं आहे हे ठाऊक नव्हतं. तो लहानपणी काही फोडलं की असाच उभा राहायचा, हात मागं घेऊन.

"जाऊ दे, आक्का. तू आत जा."

"कुणाचा, महादू?"

तो लोंढेकडं बघून बोलला, माझ्याकडं नाही. "शकूच्या लग्नात मी पाच हजार एक पुकारलं हुतं. आठवतंय?"

शकू माझी लेक. आठवत नसायला काय झालं? बार्शीच्या मांडवात ते पुकारलं गेलं तेव्हा मी पुढच्या रांगेत बसलेल्या विहिणीकडं बघितलं होतं, हे माझं माहेर म्हणून. आणि त्याच संध्याकाळी, त्याच पाकिटातल्या नोटा, मी माझ्या मांडववाल्याला मोजून दिल्या होत्या.

"ते चक्कीचा नवा पट्टा घ्यायला साठवलेलं हुतं," महादू म्हणाला. "शेवंता म्हणाली, एवढं देऊ नका. म्या म्हटलं, कुठं जात्यात? वैजूच्या टायमाला माघारी येणार. ह्या लग्नाचा हिशोब मी चार महिने मांडत हुतो, आक्का. लोंढेचे एवढे, आचाऱ्याचे एवढे, पलंगाचे, कपाटाचे. आणि समोर आक्काचे पाच हजार." आता त्यानं माझ्याकडं बघितलं. "लोक ब्यांकेत ठेवत्यात. मी तुझ्याकडं ठेवलं हुतं."

"मग तोंड नव्हतं तुला? मी घरी बसवून सांगितलं हुतं ना! तवाच म्हणायचं, आक्का, माझे पाच हजार हायत तुझ्याकडं!"

"आहेर मागायचा असतो का कुणी?"

मी आयुष्यात कुणाला आहेर मागितला नव्हता. मागितला असता तर त्या माणसाच्या दारात परत पाय ठेवला नसता.

वरून दोर सुटले. कपाटाचा पत्रा टेंपोच्या कडीला घासून वाजला.

"लोंढे," मी म्हटलं, "थांब. दिवाळीपतूर मी देते. बार्शीत कुणालाही विचार, बारंगुळीणबाईनं शब्द फिरवला असं सांगणारा माणूस दाखव."

"बाई, तुमचा शब्द खरा असंल. पण माझी माणसं शब्द घेऊन घरी जात न्हाईत."

माझ्या गळ्यात काळ्या मण्यांत दोन वाट्या होत्या, त्या पितळेच्या. सोनं गिरणीमागंच गेलं होतं. अंगावर दुसरं काही नव्हतं. कमरेला मात्र सहा हजार होते, आणि माझा हात आपोआप तिथं गेला होता. महादूनं तो हात बघितला.

"कालिंदाच्या फीचं हायत ना?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"उद्याच भरायचं?"

"उद्याच."

दे म्हणाला नाही. नको म्हणाला नाही. नुसता थांबला. मी त्याला चालायला शिकवत होते तेव्हा तो पडायच्या आधी असाच थांबायचा, धरतील म्हणून.

कालिंदानं माझं मनगट धरलं. "आई, द्या. मी पुढच्या वर्षी जाईन. खरंच जाईन."

"गप बस."

"आई, नवरी निघायची थांबलीय. सगळे बघतायत."

"गप बस म्हटलं ना!"

पुढच्या वर्षी जाईन म्हणणाऱ्या बाया मी गल्लीतल्या नळावर रोज बघत होते. हंडा एका कडेला, पोर दुसऱ्या कडेला. त्यांतली कुणी खोटं बोलली नव्हती.

मी कमरेवरचा हात काढला. पदर पुढं घेतला आणि खोचला.

"महादू," मी म्हटलं, "हे माझं न्हाईत."

त्यानं मान हलवली. दोनदा हलवली, समजल्यासारखी. मग लोंढेच्या माणसांना म्हणाला, "हळू उतरवा. आरशाला जपा."

मांडवाच्या मागचं काही लपून राहात नाही. वैजूचे सासरे तोवर येऊन पोचले होते. कपाट चिंचेच्या बुडाशी उभं राहताना त्यांनी बघितलं.

"कपाट का उतरवताय, पाव्हणं?"

"कुलूप अडकतंय," महादू म्हणाला. "नीट करून धाडतो."

सासऱ्यांनी लोंढेकडं बघितलं, लोंढेनं बिडी पेटवली. "बरं," सासरे म्हणाले. एवढंच. पण ते 'बरं' ज्यानं ऐकलं त्याला पुढचं सगळं ऐकू आलं असेल.

पाठवणीला वैजू सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. शेजारणीच्या पडली, बबनच्या आईच्या पडली. माझ्याजवळ आली, वाकून पाया पडली आणि पुढं गेली. टेंपो गेला. पलंग आणि भांड्यांच्या मधे कपाटाएवढी जागा मोकळी होती आणि रस्त्याच्या खड्ड्यांनी भांडी त्या जागेत घरंगळत होती.

मुक्काम केला नाही. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही सोलापूरला गेलो आणि स्टँडवरच बसून राहिलो. सकाळी शाळेच्या खिडकीपुढं रांग होती. आतल्या माणसानं नोटा मोजल्या, शिक्का मारला, कालिंदाची सही घेतली. तिनं स्वतःच्याच नावात दोनदा खाडाखोड केली, तेव्हा त्यानं विचारलं, "ताई, तब्येत बरी आहे ना?"

बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली. "मला हे पचायचं नाही, आई. पुस्तक उघडलं की ते कपाट दिसणार."

"दिसू दे. दिसलं तरी वाच."

"तुम्हाला काहीच वाटत नाही का?"

"मला काय वाटतंय ते तुझ्या परीक्षेत विचारणार हायत का?"

ती माझ्यावर रागावली. रागावली ते बरं झालं. रडणारी पोर मी घरी परत आणली असती, रागावलेली तिथं राहिली.

घरी आल्यावर मी मालकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्या दिवशी तू मला दहा रुपयांसाठी उपाशी बसवलंस, तेव्हा वाटलं होतं तुझ्या काळजाच्या जागी पण डबाच आहे." ते पुढं म्हणाले, "पण फी भरलीस ना?" म्हटलं, "भरली." "मग जेवू या," म्हणाले. पण त्या रात्री भाकरी दोघांनीही मोडून तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी मशेरीचा डबा रिकामा केला आणि त्याच्या झाकणावर चिमूटभर पीठ खळीत कालवून फासलं. मशेरी सोडली. दुपारच्या वेळी लोकांच्या वाकळा शिवायला घेतल्या. बोटं सुईनं चाळण झाली. त्यातला पैसा दुसऱ्या कुठल्या डब्यात गेला नाही.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी ताट करून ठेवलं, निरांजनात वात घातली. दरवर्षी महादू सकाळच्या गाडीनं यायचा. दुपारची गाडी गेली, संध्याकाळची गेली. मालक म्हणाले, वात भिजवून ठेवलीस ती वाया जाईल, चंद्राला ओवाळ. मी चंद्राला ओवाळलं.

कपाट वैजूकडं दोन महिन्यांनी पोचलं होतं, ते मला सावरगावच्या एका बाईकडून कळलं. महादूनं दोन शेळ्या विकल्या होत्या. चक्कीचा पट्टा तोच, शिवून शिवून चालवत होता.

दुसऱ्या दिवाळीला मी वाट बघितली नाही. डबा भरला होता. पाच हजार एक मोजले, फडक्यात बांधले, पिशवीत घातले आणि भाऊबीजेला स्वतःच सावरगावची गाडी धरली.

कालिंदा पुढं सिस्टर झाली, आमचं घर तिच्या पगारावर उभं राहिलं, हे बार्शीत सगळ्यांना माहीत आहे. माझं कौतुक करणारे खूप आहेत. सुभद्राबाईनं कसा नियम धरला, कशी सून शिकवली, वगैरे. त्यांना मी चहा पाजते. ही सावरगावची गोष्ट त्यांच्यापैकी कुणाला सांगितलेली नाही.

महादू चक्कीत होता. मला दारात बघून त्यानं चक्की बंद केली. हात झटकले, "ये, आक्का," म्हणाला, आणि घरात जाऊन पाट मांडला. शेवंतानं ताट तयार केलं. मी ओवाळलं. त्यानं दरवर्षीसारखी ओवाळणी घातली. मग मी फडकं सोडून त्याच्यापुढं ठेवलं.

"हे काय?"

"तुझं ठेवलेलं."

त्यानं नोटांना हात लावला नाही. शेवंता दारात उभी राहिली. मी तिच्या टोमण्याची वाट बघत होते. टोमणा आला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

"आक्का," महादू म्हणाला, "आहेर मांडवात देत्यात. मांडव उतरला."

"पैसं तेच हायत, महादू."

"पैसं तेच हायत."

फडक्याची चारी टोकं त्यानं स्वतः उचलली, गाठ मारली आणि गाठोडं माझ्या पिशवीत ठेवलं. मग म्हणाला, "शेवंता, आक्काला वाढ."

मी जेवले. पुरणाची पोळी होती, तूप होतं. शेवंता आग्रह करत होती, अगदी पाहुण्याला करतात तसा.

संध्याकाळी तो मला गाडीपर्यंत सोडायला आला. पिशवी त्यानंच घेतली. वाटेत वीज कशी जाते, गिऱ्हाईक दुसऱ्या गावाला कसं जातं, असलं काही बोलत होता. मी विचारलं, "वैजू कशी हाय?"

"बरी हाय. पोरगा झाला. सासू अजून म्हणती, मागनं आलेलं कपाट. कुणी पाव्हणं आलं की दाखवती, हे बघा मागनं आलेलं कपाट."

"तिला म्हणावं, तुझ्या सासूच्या तोंडाला पण एक कुलूप बसवून घे."

तो जरा हसला. त्या दोन वर्षांत मी त्याला पहिल्यांदा हसताना बघत होते, आणि वाटलं आता बोलंल. पण तेवढ्यात गाडी आली.

मी चढले, खिडकीशी जागा मिळाली. त्यानं पिशवी खिडकीतून आत दिली. कंडक्टरनं घंटी मारली. महादू गाडीबरोबर दोन पावलं चालला.

"कालिंदाचं काय झालं?" त्यानं विचारलं. "परीक्षा झाली?"

"पहिल्या वर्षाला पास झाली. वर्गात दुसरी आली."

त्यानं भुवयांतलं पीठ बाहीनं पुसलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "म्हंजे दोन्हीकडनं गेलं न्हाई."